नॉर्डकाप मोहीम : पूर्वतयारीच्या नोंदी

१२ जानेवारी

जायचे कुठे, हे आज नक्की झाले. उत्तरेकडे जायचे एवढे गेल्या पावसाळ्यापासून ठरलेले होते. प्रश्न आइसलँड की नॉर्वे एवढाच होता. आइसलँडचे आकर्षण असे की डेन्मार्कच्या हिर्ट्सहाल्स बंदरातून निघणारे नोरोना हे जहाज फेरो बेटांवरून थेट सेयदिसफ्योर्डुरला नेऊन सोडते आणि मोटरसायकल स्वतःबरोबर नेता येते. परंतु आइसलँडचा मुख्य भूभाग आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम दक्षिणेलाच संपतो. आम्हाला ७१ अंशांपलीकडे जायचे असल्यामुळे नॉर्वेतील मागेरोया बेटावरचे नॉर्डकाप, म्हणजे ७१ अंश १० मिनिटे उत्तर अक्षांशावरचा ३०७ मीटर उंचीचा कडा, हे लक्ष्य पक्के केले.

आम्ही दोघे आहोत: मी आणि माझी थोरली मावसबहीण. दोघांच्या गाड्या वेगळ्या. माझ्याकडे हिमालयन ४११ आहे, १५ लिटरची टाकी, तारांची चाके आणि ट्यूबचे टायर. ताईची गाडी अधिक ताकदीची, पण टाकी लहान. सुरुवात हॅम्बर्गहून. माझ्या गाडीचा जीव जर्मनीच्या महामार्गावर ताशी ११०च्या पुढे कासावीस होतो, त्यामुळे डेन्मार्क आणि स्वीडनमार्गे रस्त्यानेच ऑस्लो गाठण्याऐवजी कीलहून रात्रीचे जहाज घ्यावे, यावर फारशी चर्चा झाली नाही. कील हॅम्बर्गपासून अवघ्या शंभर किमीवर आहे.

१९ जानेवारी

पहिला आराखडा तयार केला आणि संध्याकाळपर्यंत तो मोडीतही निघाला. मी नकाशावर ऑस्लो ते नॉर्डकाप हे अंतर सुमारे दोन हजार किमी धरले, रोजच्या पाचशे किमीने भागले आणि जाऊन-येऊन १४ दिवसांचा प्रवास मांडला. ताई काही वर्षांपूर्वी नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर जाऊन आलेली आहे. तिने कागद वाचला आणि एवढेच विचारले, "रस्ता मोजलास ते ठीक आहे, पण पाणी कुठे मोजलं आहेस?"

तिचे म्हणणे असे की ई-६ महामार्गाने सरळ वर जायचे असेल तर माझा हिशोब कसाबसा जमेल, पण मग नॉर्वेचा किनारा पाहायचाच नाही असे ठरवून जावे लागेल. किनाऱ्याने जायचे तर फ्योर्ड, म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, आडवे येतात, आणि प्रत्येक फ्योर्डावर पूल किंवा बोगदा नाही. तिथे बोट येईपर्यंत थांबावे लागते. स्टाइनशेर ते बोडो हा किनारी रस्ता, क्रमांक १७, सुमारे ६५० किमीचा आहे आणि त्यावर ६ फेरीबोटी आहेत. त्यापुढे बोडोहून लोफोटेनमधील मोस्केनेसला जाणारी बोट, आंडेनेसहून सेन्या बेटावरच्या ग्रिलेफ्योर्डला जाणारी उन्हाळी बोट, सेन्याहून ट्रोम्सोच्या बाजूला नेणारी बोत्नहाम्न ते ब्रेन्सहोल्मेन ही बोट, आणि ट्रोम्सोहून आल्टाकडे जाताना लिंगेन पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांना एकेक बोट. शेवटच्या दोन घेतल्या तर फ्योर्डांना वळसे घालत जाणारे जवळजवळ शंभर किमी वाचतात.

परतीसाठी फिनलंडमधून खाली उतरून हेलसिंकीला जहाज पकडावे आणि सुमारे ३० तासांनी जर्मनीच्या ट्राव्हेम्युंडे बंदरात उतरावे, असा ताईचा प्रस्ताव आहे. तो मान्य केला. कील ते ऑस्लो धरून एकूण १३ जलप्रवास होतात. रजेचा अर्ज दोन आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांचा करावा लागेल.

२६ जानेवारी

आजचा संपूर्ण रविवार क्रमांक १७च्या रस्त्यावर गेला, आणि तो सत्कारणी लागला असे म्हणायला हरकत नाही.

दक्षिणेकडून जाताना बोटी या क्रमाने लागतात: होल्म ते व्हेन्नेसुंड, होर्न ते आन्डाल्सव्होगेन, फोर्विक ते त्योट्टा, लेवांग ते नेस्ना, किल्बोगहाम्न ते येक्टविक आणि ओग्स्कारेत ते फोरोय. यांतील शेवटची दहा मिनिटांची आहे, तर त्योट्टाची आणि येक्टविकची प्रत्येकी तासाभराची. प्रत्यक्ष पाण्यावरचा वेळ सगळा मिळून साडेतीन तासांच्या आतच बसतो, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. वेळ खाते ते थांबणे. आन्डाल्सव्होगेनला उतरल्यावर फोर्विकचा धक्का सतरा-अठरा किमीवर आहे. वेळापत्रकात या दोन बोटी बहुधा एकमेकींना जोडून ठेवलेल्या असतात, पण उतरल्यावर फोटोसाठी दहा मिनिटे रेंगाळले तर पुढची बोट डोळ्यांदेखत निघून जाते आणि तिच्यानंतरची कधी कधी दोन-अडीच तासांनी असते. येक्टविक आणि ओग्स्कारेत यांच्यामधल्या तीसेक किमीच्या तुकड्याचेही तसेच.

म्हणून आजपासून आखणीची पद्धत उलटी केली. सकाळी किती वाजता निघायचे, तिथून हिशोब सुरू करायचा नाही. दिवसातली जी बोट सर्वांत विरळ असेल ती आधी पकडायची आणि तिच्यापासून मागे मागे मोजत मुक्कामाचे गाव आणि निघण्याची वेळ काढायची. या रीतीने पाहता तीन दिवस लागतात, म्हणजे रोजचे सव्वादोनशे किमीही भरत नाहीत. कागदावर हे लाजिरवाणे दिसते, पण माझा नाइलाज आहे.

एक सुखद गोष्ट. किल्बोगहाम्नहून निघालेली बोट वाटेतच ६६ अंश ३३ मिनिटांचे आर्क्टिक वृत्त ओलांडते आणि किनाऱ्यावर त्याची खूण म्हणून पृथ्वीगोल उभा केलेला आहे. ई-६ने जाणारे लोक हेच वृत्त डोंगरमाथ्यावर ओलांडतात. आम्ही ते डेकवर उभे राहून ओलांडू.

९ फेब्रुवारी

कील ते ऑस्लो आणि हेलसिंकी ते ट्राव्हेम्युंडे या दोन्ही जहाजांचे आरक्षण झाले. पहिले जहाज दुपारी २ वाजता सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता ऑस्लोला लागते, त्यामुळे कील गाठायला सकाळ मोकळी मिळते.

आरक्षण करताना एक मूर्खपणा घडला, तो लिहून ठेवतो. वाहनाचा प्रकार निवडण्याच्या यादीत सायकल आणि मोटरसायकल यांचे जर्मन शब्द खालीवर होते आणि मी घाईत दोन सायकली नोंदवल्या. भाडे अपेक्षेपेक्षा बरेच कमी दिसले, तेव्हा मला स्वस्तात मिळाल्याचा आनंदच झाला. पावती ताईला पाठवली, तिचे उत्तर आले, "पॅडल मारत जायचं ठरलंय का आपलं?" बदल करून मिळाला, फरकाची रक्कम भरली आणि बदलाचे शुल्कही भरले. यापुढे प्रत्येक आरक्षण दुसऱ्याने वाचल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, असा नियम केला.

छोट्या बोटींना आरक्षण लागत नाही. रांगेत उभे राहायचे. बोडो ते मोस्केनेस ही मात्र उन्हाळ्यात गर्दीची बोट आहे. मोटारींच्या रांगांमधल्या फटीत मोटरसायकली मावतात, हा आमचा मोठा आधार.

२३ फेब्रुवारी

पावसात कपड्यांची चाचणी. तापमान ४ अंश, दीड तास सलग गाडी चालवली. जुलैमध्येही नॉर्डकापला दहा अंशांच्या आसपास राहते आणि वारा अखंड असतो, त्यामुळे ही चाचणी अवाजवी नव्हती.

जाकीट आणि पँट कोरडी राहिली. डावा हातमोजा मात्र चाळीस मिनिटांत भिजला, उजवा नाही. कारण शोधायला वेळ लागला: मी डाव्या हातमोज्याची मनगटपट्टी जाकिटाच्या बाहीवरून बांधत होतो आणि उजव्याची बाहीखालून. बाहीवरून ओघळणारे पाणी थेट डाव्या मोज्यात उतरत होते. दोन्ही मोजे बाहीखाली घेतले आणि पुन्हा अर्धा तास फिरून आलो. दोन्ही हात कोरडे. महागडे नवे मोजे घेण्याचा विचार रद्द केला.

गरम होणाऱ्या मुठी बसवल्या आहेत. मल्टीमीटर बॅटरीला लावून पाहिले: दिवा, मुठी आणि फोनचे चार्जिंग सगळे चालू असताना चालत्या वेगाला साडेतेरा व्होल्टच्या वर राहते, पण इंजिन नुसते गुरगुरत ठेवले की साडेबाराच्या खाली येते. म्हणजे धक्क्यावर रांगेत थांबताना मुठी बंद करायच्या. नॉर्वेत दिवसाही दिवा लावूनच चालवावे लागते, तेव्हा तो भार कायमचा धरलेला आहे.

१५ मार्च

पेट्रोल आणि टायर. माझी टाकी चारशे किमी सहज देते. ताईची २८० किमीला दिवा दाखवते. हिशोब अर्थात तिच्या टाकीवर. आल्टापासून नॉर्डकाप सुमारे २४० किमी आहे, आणि वाटेत होनिंगस्वोगला, म्हणजे टोकाच्या ३३ किमी अलीकडे, पेट्रोल मिळते. फिनमार्कमध्ये, म्हणजे नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या प्रांतात, अर्धी टाकी दिसली की भरायची, एवढा नियम पुरे आहे. पुष्कळ पंप माणसाविना चालतात, म्हणून पिन पाठ असलेली दोन वेगवेगळी कार्डे प्रत्येकाकडे.

मागचा टायर नवा घातला. माझ्या चाकांत ट्यूब असल्यामुळे पुढची २१ इंची आणि मागची १७ इंची अशा दोन ट्यूब, टायर काढण्याच्या तीन पट्ट्या आणि छोटा पंप सोबत घ्यावे लागतील. ताईकडे ट्यूबलेस टायर आहेत. तिचे सगळे पंक्चरचे सामान मुठीत मावते आणि ती ते मला आवर्जून दाखवते.

५ एप्रिल

गाडी डेकवर बांधण्याची रंगीत तालीम. मोठ्या जहाजांवर वाहनचालकानेच गाडी बांधायची असते. कर्मचारी पट्टे देतात, जागा दाखवतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. पहिल्यांदा तिथे उभे राहून शिकण्यापेक्षा गॅरेजमध्ये शिकलेले बरे, म्हणून जमिनीत बसवलेल्या दोन कड्या आणि दोन रॅचेट पट्टे (खटक्याने ताणून घट्ट करायचे) घेऊन सकाळ घालवली.

सेंटर स्टँडवर गाडी सरळ उभी राहते, म्हणून माझा कल तिकडे होता. पण सेंटर स्टँडवर उभ्या गाडीचे एक चाक अधांतरी असते, आणि जहाज पुढेमागे झुलले की गाडी स्टँडवरून पुढे घरंगळण्याची शक्यता राहते. साइड स्टँडवर दोन्ही चाके जमिनीला टेकतात आणि स्टँड धरून तीन आधार होतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडल डावीकडे वळवले, पुढचा ब्रेक वेल्क्रोच्या पट्टीने मुठीला आवळून बांधला. मग सीटवर चौघडी घातलेला टॉवेल ठेवून त्यावरून पट्टा घेतला आणि दोन्ही कड्यांत अडकवून रॅचेट ओढला. मागचे सस्पेन्शन दोन बोटे खाली बसेपर्यंत ओढायचे, पूर्ण दाबायचे नाही. गाडी स्टँडच्या बाजूने जमिनीत रोवल्यासारखी घट्ट व्हायला हवी. मी मागची पेटी धरून जोर लावून हलवले. सगळे गॅरेज हलल्यासारखे वाटले, गाडी हलली नाही.

तेवढ्यात जळका वास आला. तालमीपूर्वी मी गाडी वीस मिनिटे फिरवून आणली होती आणि उजवीकडचा पट्टा सायलेन्सरला टेकला होता. नायलॉनवर बोटभर लांबीचा तपकिरी, चकचकीत डाग पडला. नखाने दाबला तेव्हा त्या जागी पट्टा कडक लागला. तो पट्टा बाद. धक्क्यावरून थेट डेकवर जाताना सायलेन्सर नेहमी तापलेलाच असणार, हे लक्षात घेऊन पट्टा सीटच्या पुढच्या भागावरून, पाय ठेवण्याच्या पट्टीच्या पुढून उतरवायचा असे ठरवले. रॅचेट सोडवण्याचाही सराव केला. उतरताना मागे शंभर मोटारींची इंजिने सुरू झालेली असतात आणि तेव्हा हात थरथरतात, असे ताई सांगते.

२० एप्रिल

कागदपत्रे. पासपोर्ट, जर्मनीचा निवास परवाना, वाहन नोंदणीचे मूळ पत्र, चालक परवाना, विम्याचा पुरावा आणि युरोपीय आरोग्य विमा कार्ड. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. चलन मात्र नॉर्वेजियन क्रोन. रस्त्यांच्या पथकरातून मोटरसायकलींना सर्वसाधारणपणे सूट आहे. ही सूट बोटींच्या भाड्याला लागू नाही.

एक गोष्ट दोघांनी मान्य केली: ऑस्लोच्या जहाजावर मद्य घ्यायचे नाही. नॉर्वेत वाहनचालकासाठी रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ०.२ प्रति हजार इतकी कडक आहे आणि सकाळी १० वाजता जहाजातून बाहेर पडायचे आहे ते गाडीवर बसूनच.

४ मे

भरलेल्या गाड्यांची चाचणी. हॅम्बर्गहून फेमार्न बेटावरच्या पुटगार्डनला गेलो आणि तिथून डेन्मार्कच्या रोदबीपर्यंतची ४५ मिनिटांची बोट घेऊन परत आलो.

दोन धडे मिळाले. पहिला उतारावरचा. बोटीच्या तोंडाशी असलेली लोखंडी पट्टी पावसाने आणि तेलाने निसरडी झालेली होती, आणि मी तिच्यावर नेमका त्याच क्षणी वळण घेत ब्रेक लावला. मागचे चाक हातभर सरकले. पाय टेकून सावरलो. लोखंडावरून सरळ रेषेत, क्लच धरून, ब्रेकला हात न लावता जायचे. दुसरा धडा वेळेचा. मी घड्याळ लावून पाहिले: रांगेत लागल्यापासून पलीकडच्या रस्त्यावर पुन्हा चालू लागेपर्यंत १ तास ५० मिनिटे गेली. म्हणजे वेळापत्रकात ४५ मिनिटे लिहिलेला प्रवास आमच्या दिवसातून त्याच्या दुपटीहून अधिक वेळ घेतो. सर्व १३ प्रवासांचे वेळ या मापाने पुन्हा मांडले आणि लोफोटेनमध्ये एक दिवस हातचा ठेवला.

सामानाचे वजनही केले. माझे ३४ किलो भरले. ताईने तिच्या यादीतून एक पातेले, एक पुस्तक आणि घडीची खुर्ची काढली; मी माझी खुर्ची काढली नाही, त्याबद्दल वाद झाला.

२५ मे

शेवटच्या टप्प्याचा अभ्यास. ओल्डरफ्योर्डहून ई-६९ हा १२९ किमीचा रस्ता नॉर्डकापपर्यंत जातो. आमच्या १३ जलप्रवासांत एकही मागेरोया बेटासाठी नाही, हे लक्षात आले तेव्हा हसू आले. १९९९पर्यंत कोफ्योर्डहून होनिंगस्वोगला बोट होती. त्या वर्षी समुद्राखालचा बोगदा सुरू झाला आणि बोट बंद पडली. बोगदा ६.९ किमी लांब आणि समुद्रसपाटीखाली २१२ मीटरपर्यंत खोल आहे. पथकर २०१२मध्ये बंद झाला. आत हवा थंड आणि दमट असल्यामुळे हेल्मेटची काच आतून धुरकटते, म्हणून धुके न धरणारी पातळ आतली काच दोघांच्याही हेल्मेटला बसवून घेतली. बोगद्याच्या तोंडाशी वेग कमी करायचा, कारण उन्हाळ्यात रेनडियर सावलीसाठी बोगद्यांत शिरतात. ते हॉर्नला दाद देत नाहीत. कळपातला एक रस्ता ओलांडून गेला तर बाकीचे येणार असे धरून थांबायचे.

भूगोलाची एक खोड आहे. नॉर्डकापच्या शेजारचे क्निव्हशेलोडेन हे भूशिर त्याच्याहूनही उत्तरेला आहे; ते बुटके आहे आणि तिथे जायला सुमारे ९ किमी चालत जावे लागते, परतीचे तेवढेच. मध्यरात्रीचा सूर्य नॉर्डकापला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मावळत नाही, त्यामुळे अंधार पडेल ही भीती नाही. कडा धुक्यात बुडाला असेल तर थांबता यावे म्हणून इथेही एक दिवस हातचा ठेवला. हवा स्वच्छ निघाली तर तो चालण्यात घालवू.

आणखी एक वेळापत्रक सापडले. बोडोजवळच्या साल्टस्ट्राउमेन सामुद्रधुनीत भरती-ओहोटीच्या जगातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी एक वाहतो, पण तो पाहायचा तर पाणी वळण्याच्या वेळी पोहोचून उपयोग नाही. मधल्या तासांत पोहोचायला हवे. दर सहा तासांनी दिशा बदलते. ३० जूनचा भरतीचा तक्ता मोस्केनेसच्या बोटीशेजारी चिकटवला आणि निघण्याची वेळ दोन तास अलीकडे आणली.

१५ जून

अंतिम आराखडा: २४ जून ते १३ जुलै, २० दिवस. ऑस्लोहून पहिला मुक्काम दोम्बोस, नंतर दोव्हरेफ्येलच्या १०२६ मीटर उंचीच्या पठारावरून स्टाइनशेर, मग तीन दिवस क्रमांक १७. नॉर्डकापला ६ जुलै. तिथून हेलसिंकी सुमारे १५०० किमी, चार दिवसांत.

शेवटच्या वाचनात ताईने एक चूक पकडली, जी मला सहज महागात पडली असती. फिनलंडचे घड्याळ नॉर्वेच्या एक तास पुढे असते. फोन आपोआप बदलेल, पण मी गाडीवरच्या घड्याळाप्रमाणे चालतो, आणि हेलसिंकीला मी एक तास उशिरा पोहोचून जहाजाची पाठ पाहत बसलो असतो. सीमेवर गाडीचे घड्याळ बदलणे, हे आराखड्यात ८ जुलैच्या ओळीत तांबड्या शाईने लिहिले.

चेन स्वच्छ करून ताणली, ऑइल बदलले, क्लच केबलचा जोड सोबत घेतला. खुर्ची काढली.

२४ जून

कील, दुपारी १ वाजून १० मिनिटे. सकाळी सव्वानऊला निघालो, पाऊस नव्हता. धक्क्यावर मोटरसायकलींची वेगळी रांग आहे. आमच्यापुढे अकरा गाड्या. रांगेत मुठी बंद ठेवल्या. उतारावरची लोखंडी पट्टी कोरडी होती, तरी क्लच धरून सरळ गेलो.

जहाजावरचे पट्टे आमच्यासारखे नाहीत: रॅचेटऐवजी बकलमधून ओढून अडकवण्याचे आहेत आणि आकडे डेकच्या खाचांत बसतात. दोन मिनिटे गोंधळ झाला, मग जमले. ब्रेकची वेल्क्रो पट्टी, टॉवेल, पहिला गिअर, सस्पेन्शन दोन बोटे. कर्मचाऱ्याने येऊन माझी गाडी एकदा हलवून पाहिली आणि काही न बोलता पुढे गेला. ताई बॅग घेऊन जिन्यापाशी थांबली होती आणि हाक मारत होती. तिच्या गाडीचा पट्टा सायलेन्सरपासून पुरेसा दूर आहे ना, हे मी वाकून एकदा पाहिले आणि मग वर गेलो.